आई रुसली म्हणून

पत्रिका आली ती मावशीच्या नंबरवरून. मावशी काटोलची, आईची सख्खी धाकटी बहीण. मजकूर एवढाच, 'सहकुटुंब सहपरिवार यावे', आणि खाली उघडायची फाइल. बेसा भागातल्या आमच्या सोसायटीत मोबाइलच्या फसवणुकीवर सगळ्यात जास्त प्रवचनं मी झोडतो. आईला तर रोज ऐकवतो, तुला फोनमधलं काही कळत नाही, विचारल्याशिवाय हात लावू नकोस. पण मावशीच्या घरचं लग्न म्हटल्यावर माझी अक्कल थेट पंगतीत जाऊन बसली. मी बोट टेकवणार, तोच आईने फोन हिसकावला.

"उघडू नको! सख्ख्या बहिणीले फोनवर पत्रिका? घरी याले पाय दुखतात काय तिचे?"

आमच्याकडे दारात येऊन, कुंकू लावून, हातावर अक्षता दिल्याशिवाय आमंत्रण धरत नाहीत. आईने तडक मावशीला फोन लावला आणि स्पीकरवर झाडायला सुरुवात केली.

"पोराचं लग्न ठरवलं अन् मले सांगत नाहीस?"

"कोणाचं लग्न वं अक्का? त्याच्यासाठी तर अजून पोरी पाहून राहिलो!" मावशी गोंधळली. मग हळूच म्हणाली, "सकाळी मले पण अशीच एक पत्रिका आली होती. उघडली, तर आत काहीच नव्हतं."

मावशीच्या खात्यात नुकतेच संत्र्याच्या बागेचे पैसे जमा झाले होते, वर्षभराच्या कष्टाचे. त्या फाइलने तिचा फोन चोरांच्या हाती दिला होता आणि आता तीच फाइल तिच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना जात होती.

"मावशी, फोन बंद कर अन् आत्ताच्या आत्ता बँकेत जा! खातं थांबवायले सांग!"

तासाभराने शेजारणीच्या फोनवरून मावशी बोलली. खातं थांबलं होतं, पैसे जागच्या जागी होते. मी आईला धरून स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं.

"तू होता म्हणून वाचली रे मी," मावशी रडत रडत हसत होती.

हे कौतुक गुपचूप खिशात घालायचा मोह मला फार झाला. पण आई समोरच उभी होती.

"मी नाही मावशी. मी तर उघडूनच राहिलो होतो. आई रुसली म्हणून आपण दोघंही वाचलो."

पलीकडे मावशी खो खो हसत सुटली. आईने फोन माझ्या तोंडाजवळ धरला. तिचे डोळे भरले होते, पण हसू काही लपत नव्हतं.

"अजून एकदा सांग तिले," ती म्हणाली. "जोरात."

मी सांगितलं. अगदी जोरात, खिडकी उघडून.