बाबांची भाषा आणि आमची शेळी

मला एका जागी बसवत नाही, आणि आत्याच्या ओट्यावर बसून तर तिसरा दिवस उजाडला होता. नेपाळात, म्याग्दीच्या डोंगरात बाबांचं गाव. बाबा गेल्याचं त्यांच्या थोरल्या बहिणीला समक्ष सांगावं म्हणून मी एवढी चढण चढून आले होते. सांगून झालं होतं. आता कधी एकदा खाली उतरते असं झालं होतं.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी बाबा औरंगाबादच्या छावणीत स्वयंपाकी म्हणून आले, सोयगावच्या मुलीशी लग्न केलं आणि गारखेड्यात राहिले. आमच्याशी मराठी बोलायचे, बाजारात हिंदी. त्यांची स्वतःची छंत्याल भाषा ऐकायला मिळायची ती फक्त अंगणातल्या शेळीला.

"अवो, माणसासारखं बोला की, लेकरं हसायलेत," आई म्हणायची.

हसण्यात मीच पुढे. नकलाही करायची. ये, खा, ऊठ, हट, एवढ्याचेच छंत्याल शब्द त्या नकलांपायी माझ्या तोंडात बसले.

आतेभावाला हिंदी येत होती. तो मध्ये बसून आम्हा दोघींचं एकमेकींना सांगायचा. त्या दिवशी आत्यानं त्याच्याकरवी विचारलं, "आपली भाषा विसरला होता का तो?"

तिचा चेहरा इतका उतरलेला, की मला राहवलं नाही. मी ते चारही शब्द म्हणून दाखवले. आतेभाऊ फिस्सकन हसला, कारण घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला मी नुकतंच 'हट' म्हणाले होते. आत्या हसली नाही. तिनं विचारलं, "तुझ्याशी रोज बोलायचा?"

शेळीचं सांगणार होते, पण जीभ रेटेना. घरात आम्ही चार माणसं असताना बाबांना शेळीशी बोलावं लागलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? मला स्वतःचीच लाज वाटली.

"हो, रोज," मी म्हणाले.

आत्यानं मुलाला खुणेनं उठवलं. आता मध्ये कुणी कशाला हवं? माझा हात धरून ती बोलत सुटली, भराभर, मध्येच हसत, मध्येच डोळे पुसत. मी मान डोलवत राहिले. उठून पळत सुटावं असं वाटत होतं. मग तिनं काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत थांबली.