तोतारामआबाची राखण

बाळंतपणात पुरुषाचं काही काम नसतं, कबूल. पण म्हणून बापाला घरातून हुसकून लावायचं? तोतारामआबाची लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात. शहाऐंशीच्या पौषात एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या, आणि धुरपदाबाईनं नवऱ्याच्या हातात गोफण ठेवली. "वावरमा जा. भोरड्या बठ्ठी दादर खाई जातीन."

"पोऱ्या व्हवो का पोरगी, लगेच सांगावा धाड," आबानं पुन्हा पुन्हा बजावलं, तेव्हा कुठं उंबरा ओलांडला.

भोरड्या म्हणजे हिवाळ्याच्या पाहुण्या. काळं डोकं, गुलाबी अंग, दिसायला मोठ्या देखण्या. पण थवा एकदा दादरवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर, उतरला की कणसात दाणा ठेवत नाहीत. एरवी आबा त्यांना कौतुकानं न्याहाळायचा, शिव्यासुद्धा लाडाच्या द्यायचा. आज मात्र वावरातल्या माळ्यावर उभा राहून खेकसत होता, "मरा ना तिकडे! आजच मुहूर्त सापडना का तुमले?" थवा बांधावरच्या बाभळीवर जायचा आणि आबानं गावाच्या वाटेकडं मान वळवली की पुन्हा उतरायचा. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. मंजुळा आधीच अशक्त. काही कमीजास्त तर झालं नसेल? जीव नुसता टांगणीला लागला होता. सगळं टाकून घरी जावं, तर वर्षाची भाकरी पाखरांच्या पोटात जायची.

दुपारी शेजारची कुंदाबाई भाकरी घेऊन आली.

"काय व्हयनं वं?"

"जेवी ल्या आबा," ती खाली बघत म्हणाली आणि आल्या पावली परतली.

आबानं भाकरी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली. उन्हं उतरली, पाखरं झोपायच्या झाडांकडं निघून गेली, तसा तो धापा टाकत घरी आला. आतून तान्ह्याचं रडणं ऐकू येत होतं. धुरपदाबाई अंगणात भांडी घासत होती.

"कधी व्हयनं?"

"सकायलेच. पोरगी व्हयनी."

"मंग सांगाले काय धाड भरनी होती तुले?"

"पोरगीच तं व्हयनी. तिनासाठे दादर पाखरेसले देवानी का?"

कुंदाबाईला गप्प राहायलाही हिनंच सांगितलं होतं. आबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायला लागलो तर शेजारीपाजारी गोळा होतील, म्हणून तो दात आवळून आत गेला.

मंजुळा बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. बापाची चाहूल लागली तरी वळली नाही. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"पोरगी व्हयनी म्हनीसन तुम्ही दिनभर तोंड नही दखाडं ना, आबा?"

आबा बाजेशी खाली बसला.

"माले कोनी सांगंच नही, बेटा."

मंजुळानं "हं" म्हटलं. तिला ते खरं वाटलं नव्हतं.