न प्यायलेली दारू सोडणारे मामा

थेंबभरही दारू न घेता दारू सोडल्याचा मान उभ्या खानदेशात फक्त आमच्या भडगावच्या मामांनाच मिळाला असेल. मामा चहालासुद्धा व्यसन म्हणायचे आणि पाहुण्याच्या कपाकडे हवालदारासारखे बघायचे. त्यांचं स्वतःचं वेड एकच, भरीत. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची त्यांनी, सोलायची त्यांनी, ठेचायचीही त्यांनीच; दुसऱ्यानं हात लावला की अंगावर धावून जायचे. पण सोरायसिसनं हातांवर खपल्या धरल्या आणि एका भरीत पार्टीत शेजारच्या नानांनी मामांच्या हातचं ताट हळूच बाजूला सारलं. मामांनी ते पाहिलं. तेव्हापासून भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, हात खिशात आणि भरिताच्या वेळी लांबच्या खुर्चीवरून नुसत्या आरोळ्या. मामी रोज त्या हातांना करंजाचं तेल चोळायची. ती गेली आणि आरोळ्याही थांबल्या.

शेवटी मीच त्यांना ओढत जळगावला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गोळी खरं तर दारू सोडवायची. पण अगदी इवल्याशा डोसात काहींच्या कातडीची आग शमवते. करून बघू, तपासणी मात्र चुकवायची नाही." झालं! आमच्या सत्यवचनी मामांनी औषधाच्या दुकानात भर गर्दीत आवाज दिला, "दारू सोडवायनी गोळी द्या, पन इवलीशी!" मागे गावातलेच दोघे उभे. आमची एसटी पोचायच्या आत बातमी पोचली आणि देवळातली मंडळी नारळ घेऊन अभिनंदनाला हजर! मामा लालबुंद. "अरे, मी कव्हय धरीच नही, ते सोडू काय?" मंडळी आणखीच गहिवरली.

पण गोळी त्यांनी एक दिवस चुकवली नाही. हळूहळू खाज थांबली, खपल्या गेल्या. गोळी लागू पडते हे बघून गावातले खरेखुरे पिणारे तिघे दबकत आले. मामांनी तिघांची मानगूट धरून त्यांना जळगावच्या डॉक्टरकडे नेलं आणि वाटेत चक्क चहा पाजला!

यंदाच्या हिवाळ्यात मामांनी कोपरापर्यंत बाह्या सारल्या आणि भाजलेली वांगी सोलायला घेतली. सगळ्यात आधी नानांचं ताट पुढे आलं. मग दुसऱ्यांदाही आलं. "झेपी का, नाना?" म्हणत मामा असे हसले की काय सांगू! माझे तर डोळेच भरले.

काड्यांची राख झाल्यावर मामी तेल चोळायची ते हात मामा उलटेसुलटे करून बघत बसले होते.

"ह्या हात तिनी देखातच नहीत रे," म्हणाले.

मी माझं ताट पुढे केलं.