सून विसरली नव्हती

सून विसरभोळी आहे, असं दुसरबीडच्या पाहुण्यांपर्यंत मीच पसरवलं. ते खोटं आहे. एक दिवस घरात कोणीच नेट वापरायचं नाही, असं फर्मान काढून मी सगळ्यांचे मोबाईल कपाटात कोंडले. सकाळीच ती म्हणाली, "मामाजी, भरतीचा फॉर्म भराची आज शेवटची तारीख हाये. पाच मिनिटं द्या."

"सरकार पळून जाऊन राह्यलं का? उद्या भर."

दुसऱ्या दिवशी फॉर्म बंद. वयात बसणारी तिची ती शेवटचीच भरती होती. मुलानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "विसरली असंन." तिनं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला. माझ्या त्या बिननेटच्या दिवसाचं गावात कौतुक झालं. आग लागो त्या कौतुकाले. तिनं तीनदा मोबाईल मागितला होता आणि किल्ली माझ्या खिशात होती.