भट्टीबाईंनी पुसलेला ठिपका

शिरूरहून दौंडला जाताना एस.टी.त भट्टीबाई शेजारी असल्या, की वेळेवर पोहोचायची आशा सोडावी. वाटेत गुऱ्हाळाचा धूर दिसला की बाई उतरल्याच. चुलाणात वाकून बघायचं, काय जाळताय ते विचारायचं आणि मागची गाडी धरायची. कॉलेजात त्या भूगोल शिकवत, मी कॉम्प्युटर. भट्टीबाई हे नाव आम्हीच ठेवलेलं. बाई त्याला खुशाल ओ देत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. समुद्रातल्या एका बेटावर ज्वालामुखी होता आणि त्याच्या आसपास मासेमारीच्या होड्या फिरत. उपग्रहाने रात्री टिपलेल्या उष्णतेच्या चित्रांवरून तो जागा होतोय हे कॉम्प्युटरने ओळखावं, होडीवाल्यांना आधी कळावं, हा बाईंचा ध्यास. कॉम्प्युटरला चित्रं दाखवत राहायचं : हा ज्वालामुखी, हा नव्हे. 'नव्हे'साठी आमची गुऱ्हाळं आणि शेतात पेटवलेलं उसाचं पाचट. "तीनदा खोटी बोंब मारली, की चौथ्यांदा गाव उठत नाही," त्या म्हणत.

कॉम्प्युटर शिकला, पण एक खोड राहिली. निमोणे गावचा माळ दाखवला की लाल ठिपका द्यायचा, तोही नेमका बाईंच्या माहेरच्या घरामागे. आम्ही पहाटे जाऊन पाहिलं. आग नाही, राख नाही. थंडीने सगळं गारठलेलं, आणि घरामागचा काळा खडक मात्र नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा ऊबदार. मला तिथे उभं राहवेना. दिवसाचं ऊन धरून ठेवतो तो, बाई म्हणाल्या, पण आवाज खाली गेला होता.

त्यांचे वडील, आबा, म्हणाले, "तूच म्हंतीस ना, ह्यो खडक बी कवातरी आगीतनंच आलाय? मग तुज्या कॉम्प्युटरनं त्ये वळखलं आसंल. खोटं कशाला पाडतीस त्येला?"

पण असा ठिपका घेऊन गेलं तर काम मंजूर कोण करणार? बाईंनी तो माळ पुन्हा पुन्हा दाखवून 'नव्हे' शिकवलं. ठिपका गेला. काम मंजूर होऊन बेटावर पहारा सुरू झाला.

पुढच्याच हिवाळ्यात बेटावरून धूर उठला. होडीवाल्यांना तो डोळ्यांनी दिसला म्हणून ते वाचले. आमच्या पडद्यावर काहीच नव्हतं. बाईंनी आधीच्या रात्रींची चित्रं काढली. प्रत्येकात विवराजवळचा खडक मंद ऊबदार, थेट निमोण्याच्या माळासारखा, आणि एकावरही ठिपका नाही.

"त्याला कळत होतं," बाई म्हणाल्या. "गप्प बसायला मीच शिकवलं."

त्यांनी स्वतःच चूक कळवून काम मागे घेतलं आणि वर्षअखेरीला कॉलेजही सोडलं. आम्ही पुष्कळ समजावलं. ऐकतील तर त्या बाई कसल्या.

आजही एखाद्या विद्यार्थ्याचा प्रोग्राम भलतंच उत्तर देतो आणि तो हसत ते खोडायला निघतो. मी त्याचा हात धरतो. मला खरंच भीती वाटते.