मुरमातली काळी माती

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी माझी पोस्टिंग औरंगाबादच्या छावणीत झाली. आता शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मी इंजिनियर्समधला लान्स नायक, बॉम्ब डिस्पोजलचा कोर्स करून आलेला. घर फुलंब्रीजवळ. बायकोला वाटलं, आता नवरा आठवड्याला घरी दिसेल. प्रत्यक्षात महिन्यातून एकदा जाणं व्हायचं. गेलो की टँकरच्या रांगेत आमचेही हंडे लागलेले असायचे आणि माझी निम्मी सुट्टी तिथंच जायची.

आमच्या छोट्या तुकडीचे प्रमुख सुभेदार विठ्ठल नलावडे. साताऱ्याकडचे. बोलणं मोजकं. त्यांची एक पद्धत आम्हाला जड जायची. गाडी बंद पडलेली असो की सरावातला नकली सुरुंग, अडचण आली की ते सगळ्यांना वेगवेगळं बसवायचे आणि लिहायला लावायचे. पेन्सिलीनं, आपापल्या भाषेत. काय पाहिलं, काय ऐकलं आणि काय धरून चाललो, असे तीन भाग. लिहिताना आपसात बोलायचं नाही. मग ते कागद वाचायचे आणि थोडा वेळ काहीच करायचे नाहीत.

मी एकदा म्हणालो, "साहेब, तोंडी सांगितलं तर लवकर होईल."

"तोंडी सांगताना माणूस समोरच्याचा चेहरा बघून सांगतो," ते म्हणाले. "लिही."

त्या एप्रिलमध्ये पोलिसांकडून निरोप आला. शेंद्र्याच्या पुढं एका वस्तीजवळ पाण्याच्या नव्या पाइपलाइनसाठी चर खोदताना जेसीबीला तोफेचा जुना गोळा लागला होता. त्या भागात तेव्हा कारखान्यांचे प्लॉट पडत होते. जिथं बाजरी निघायची तिथं कुंपणं आणि रस्ते आले होते. ही पाइपलाइन वस्तीलाही पाणी देणार होती. एवढा एक तुकडा जोडला की नळ सुरू, असं लोकांना सांगितलेलं होतं.

आम्ही दुपारच्या आत पोचलो. पोलिसांनी लोकांना लांब हटवलं होतं. जेसीबीचा ड्रायव्हर रफिक एका लिंबाखाली बसला होता. 

"मैं हाथ बी नै लगाया साब," तो म्हणाला. "टन् करके आवाज आया. नीचे देखा तो एक दिखा. मशीन वहींच बंद किया."

मी चरात उतरलो आणि जवळ जाऊन पाहिलं. गंजलेला गोळा, पुढं फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, बसवलेला. अशा स्थितीत तो हलवणं धोक्याचं. पद्धत ठरलेली होती. वाळूची पोती रचायची, वस्ती रिकामी करायची आणि गोळा जागेवरच उडवायचा. पाइपचं थोडं नुकसान झालं असतं, घरांना काही झालं नसतं. मी वर येऊन पोती उतरवायला सांगितली.

"थांब," नलावडे साहेब म्हणाले. "आधी लिहायचं."

ऊन डोक्यावर होतं. वस्तीतल्या शांताबाई नावाच्या बाई पोलिसाला सारखं विचारत होत्या, "आज पाणी येणार का नाय?" कारण आमच्यामुळं टँकरही रस्त्यावरच अडकला होता. मला साहेबांचा राग आला. तरी गाडीच्या सावलीत बसून लिहिलं. तुकडीतला जवान, सॅपर गावडे, दुसऱ्या बाजूला बसून लिहीत होता.

तेवढ्यात रेडिओवर छावणीतून कॅप्टन मेहरा आले.

"नलावडे साहब, स्टेटस बताइए. ओव्हर."

"टाइम लगेगा सर. ओव्हर."

"वजह? ओव्हर."

"सोच रहे हैं सर. ओव्हर."

 मग आवाज आला, "ठीक है. सोचिए. आउट."

साहेबांनी माझा कागद घेतला. वाचून झाल्यावर तो मलाच परत दिला.

"पाहिलं त्यात काय लिहिलंस ते मोठ्यानं वाच."

मी वाचलं. बाकी सगळ्या चरात लाल मुरूम, कुदळीला दाद न देणारा. गोळ्याभोवती काळी माती, भुसभुशीत.

वाचता वाचता मी थांबलो. मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडं काळी माती वर असते आणि मुरूम तिच्याखाली. इतक्या खोल, मुरमाच्या मधोमध काळी माती आपोआप जात नाही. चरात असताना हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हातानं लिहिलंही होतं. पण डोक्यात शिरलं नव्हतं.

"कुणीतरी खड्डा खणून नंतर बुजवलाय," मी म्हणालो.

"किती मोठा?"

"काळी माती चराच्या दोन्ही अंगांना आत गेलीय साहेब. बैलगाडी बसेल एवढा."

"आता शेवटचा भाग वाच."

शेवटच्या भागात मी एकच ओळ लिहिली होती. गोळा एकच आहे.

"हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. रफिक म्हणाला होता, एक दिसला. एका गोळ्यासाठी एवढा खड्डा कुणी खणत नाही. आम्ही तो जागेवर उडवला असता तर खाली काय काय उडालं असतं, हे आता कळत होतं. गावडेनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

साहेबांनी पोती परत गाडीत चढवायला लावली आणि लोकांना आणखी मागं नेलं. मग आम्ही तिघांनी आळीपाळीनं, पोटावर पडून, हातानं माती काढली. वरच्या गोळ्याखाली आणखी गोळे होते, एकावर एक रचलेले. कुणी पुरले, कधी पुरले, ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक गोष्ट चांगली निघाली. खालच्यांना फ्यूज नव्हते, तोंडाला नुसती बुचं होती. त्यामुळं ते हलवता येत होते. फ्यूजवाल्या गोळ्याला मात्र साहेबांनी आम्हाला हात लावू दिला नाही. दोघांनाही मागं पाठवलं आणि त्याचा फ्यूज त्यांनी एकट्यानं निकामी केला. तेवढा वेळ मी गाडीआड बसून होतो. मला लघवीला लागली होती, पण उठवत नव्हतं.

"झालं," त्यांचा आवाज आला. "या."

वाळू भरलेल्या ट्रकमधून सगळे गोळे हळूहळू पाझर तलावात नेले. दुष्काळानं त्याचा तळ भेगाळला होता, जवळपास वस्ती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं ते एकत्र नष्ट केले. धक्का छातीत बसला. धुराचा केवढा तरी मोठा लोट उठला. तोच लोट वस्तीजवळच्या चरातून उठला असता. मी खाली बसलो आणि हसत सुटलो. गावडेही हसायला लागला. साहेबांनी आम्हाला हसू दिलं.

परतताना वस्तीवर थांबलो. पाइप जोडून झाला होता. नळाला आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग चांगलं. शांताबाईंनी त्याच पाण्याचा चहा केला. साहेबांनी दोनदा मागून घेतला.

पुढच्या वर्षी युनिट काश्मीरला हललं. मी पुण्याला कोर्ससाठी मागं राहिलो. रस्ता तपासताना तिथं पेरलेल्या आयईडीच्या स्फोटात नलावडे साहेब आणि गावडे दोघंही गेले. गावडे तेवीस वर्षांचा होता. मला बातमी पुण्यात कळली. रजा मिळाली तेव्हा आधी साताऱ्याला साहेबांच्या घरी जाऊन वहिनींना भेटलो, मग गावडेच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "शेवटी साहेब जवळ होते ना?" मी हो म्हणालो.

घरी जाताना वाट वाकडी करून वस्तीवर गेलो. शांताबाईंनी ओळखलं. मी दोघं गेल्याचं सांगितलं. 

"त्यांचं नाव काय व्हतं?" त्यांनी विचारलं. "चहा दिला, पर नाव इचारायचं राहून गेलं."

"विठ्ठल नलावडे. आणि तो पोरगा, अनिल गावडे."

त्यांनी दोन्ही नावं एकदा हळू म्हणून पाहिली. मग सुनेला हाक मारली आणि तिलाही सांगितली.