जपानी बागेतली केळीची पिलं

वेलूअण्णा माझ्यासाठी खोटं बोलले, म्हणून मी घर पाहिलं. हे आधी सांगतो. माझा पराक्रम नंतर.

सातवीत शाळा सोडल्यापासून मी फैजपूरला केळीच्या बागेतच. त्या खेपेला डाळीची पोती उतरवायला ट्रकबरोबर दूर दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका गावी गेलो. पोती उतरली. ड्रायव्हर धुळ्याचे दगानाना. म्हणाले, "चार वाजता गाडी निंघी. उना नही ते आठेच ऱ्हाय!" (आला नाहीस तर इथेच राहा.)

समुद्र पाहिला. एवढं पाणी पाहून भ्यालो. म्हणून पाठ फिरवून समोरच्या बागेत शिरलो. बाग जपानी पद्धतीची. लाल पूल, दगडी दिवे. एका वाफ्यात नुसती खडी, तीवर वखर फिरवल्यासारख्या रेघा, आणि पेरलेलं काहीच नाही! तळ्याकाठी मात्र केळ दिसली. जीव भांड्यात पडला. पण बुडाशी सात पिलं (बाजूचे कोंब)! एवढी पिलं ठेवली तर आई-केळ पोसणार कशी? पिशवीत विळा होताच. सहा कापली.

सातव्याला शिट्टी वाजली.

पहारेकऱ्याने दंड धरून चौकीत बसवलं. त्याची भाषा मला कळेना, माझी त्याला. घड्याळात साडेतीन. बागेचे साहेब आले, पोलिसांना बोलवायला त्यांचा हात फोनकडे गेला. मी मनात आईचा निरोप घेतला.

तेवढ्यात म्हातारे माळी वेलूअण्णा कापलेलं पिल घेऊन आले. काप निरखला. तोडक्या हिंदीत विचारलं, "कौन सिखाया?"

"बाप ने."

मग साहेबांशी बराच वेळ बोलले. साहेबांनी फोन ठेवला, मला चहा दिला आणि एका बुटक्या झाडापाशी नेलं. झाडाकडे बोट दाखवून माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी पान चोळलं, मान हलवली. "पानी कम."

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "मैं बोला, तुम केले का बडा डॉक्टर. मैं बुलाया." मग हसत, "इधर पिल्ला काटना नहीं. पिल्ला ही शोभा."

उरलेलं सातवं पिल त्यांनी मुळासकट काढून माझ्या हातात दिलं आणि सायकलवर डबलसीट ट्रकपर्यंत सोडलं. इंजिन सुरूच होतं.

नानांनी कपाळावर हात मारला. "इतला दूर ईसन केळनं पिल? आपलाकडे केळी नही शेतस का?" (इतक्या दूर येऊन केळीचं पिल? आपल्याकडे केळी नाहीत का?)

आज ती केळ आमच्या विहिरीजवळ आहे. जात शोभेची; फळं करंगळीएवढी, आत नुसत्या बिया. भोवती पिलांची गर्दी. बाबांचे हात शिवशिवतात, पण मी कुणाला विळा लावू देत नाही.

एक दिवस आमच्या बागेतला सगळ्यात मोठा घड वेलूअण्णांच्या दारात नेऊन ठेवीन. विळा घरी ठेवून जाईन.